जीवा नावाची लेक : शोक, स्मृती आणि गाथा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धम्मदीक्षेच्या वेळी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष व पिंडदान यांच्या त्यागाची आहे. या प्रतिज्ञेकडे आपण बहुधा निषेधाच्या अंगाने पाहतो. पितरांचा पंधरवडा नको, पिंड नको, कावळ्याची वाट पाहत ताटकळणे नको. हे सर्व योग्यच आहे, आणि त्यावर अधिक लिहिण्याची या नियतकालिकाच्या वाचकांसाठी गरज नाही. परंतु त्या जुन्या कर्मकांडाला एक कडा अशीही होती की, वर्षातून एकदा का होईना, घरात गेलेल्या माणसाचे नाव घेतले जाई. पिंड गेला तेव्हा नाव घेण्याचा तो प्रसंगही गेला. त्याची जागा बौद्ध कुटुंबात कशाने भरून निघावयाची, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

आमच्या देवरूख परिसरात, आणि एकूणच संगमेश्वर तालुक्यातील बौद्धवाड्यांत, माणूस गेल्यानंतर काही दिवसांनी जलदानविधी व शोकसभा होते. त्रिसरण-पंचशील होते, बौद्धाचार्य सुत्तपठण करतात, आणि मग वाडीतील, भावकीतील व मुंबईहून आलेले एकेक जण उठून आदरांजली वाहतात. ही प्रथा चांगली आहे. मात्र या सभांतील भाषणे ऐकताना एक उणीव सतत जाणवते. दिवंगत व्यक्ती ‘मनमिळाऊ’ होती, ‘प्रेमळ’ होती, ‘समाजकार्याची आवड असलेली’ होती, हेच शब्द प्रत्येक घरी ऐकू येतात. पाच भाषणे संपली तरी परक्या गावच्या माणसाला गेलेली व्यक्ती नेमकी कोण होती ते कळत नाही. वर्षश्राद्धाऐवजी आलेल्या प्रथम स्मृतिदिनाच्या फलकावर आणि वर्तमानपत्रातील चौकटीत छायाचित्राखाली ज्या दोन यमकबद्ध ओळी छापल्या जातात, त्यांचीही हीच गत आहे. छायाचित्र बदलले तरी ओळी त्याच राहतात. त्या ओळी लावणाऱ्याचे दुःख खोटे नसते, हे आम्ही जाणतो. परंतु त्या ओळींत गेलेला माणूस नसतो.

कवितेने गेलेल्या माणसाला राखता येते काय, आणि येत असेल तर ती नेमके काय राखते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पाली गाथांपासून जात्यावरील ओवीपर्यंत हा वारसा आपलाच आहे.

आरंभीच एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सर्व संस्कार अनित्य आहेत असे मानणाऱ्याने गेलेल्याची आठवण धरून बसावे काय? ती तृष्णाच नव्हे काय? असा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गांतून तरुण उपासक विचारतात, आणि तो टाळण्यासारखा नाही. याचे उत्तर संयुत्तनिकायातील दोन लहान सुत्तांत मिळते. सारिपुत्त मगधातील नालक गावी निर्वाण पावले. चुंद नावाचा श्रामणेर त्यांचे पात्र व चीवर घेऊन श्रावस्तीस आला. ती बातमी ऐकून आनंद व्याकूळ झाले. तेव्हा भगवंतांनी त्यांना विचारले की, सारिपुत्त जाताना आपल्याबरोबर शील घेऊन गेले काय? समाधी, प्रज्ञा, विमुक्ती ही बरोबर नेली काय? आनंदांना ‘नाही’ म्हणावे लागले. मरण काय नेते आणि काय नेऊ शकत नाही, याची इतकी स्वच्छ वाटणी आम्हांस अन्यत्र आढळली नाही.

पण लगतचे दुसरे सुत्त अधिक विचार करावयास लावते. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे दोघेही गेल्यानंतर वज्जींच्या प्रदेशात, गंगेच्या काठी, उक्काचेला येथे भिक्षुसंघ बसला होता. भगवंतांनी त्या शांत बसलेल्या परिषदेकडे पाहिले आणि ही परिषद आपल्याला रिकामी भासते, असे सांगितले. पुढे त्यांनी हेही स्पष्ट केले की, तथागताच्या ठायी शोक वा विलाप नाही. रिकामेपण जाणवणे आणि शोकाने ग्रासले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद येथे साक्षात बुद्धांच्या वागण्यात दिसतो. पाली ‘सति’ हा शब्द संस्कृत ‘स्मृति’ याचेच रूप आहे, हेही या संदर्भात ध्यानी घ्यावे. ज्या शब्दाने आपण जागरूकतेची साधना सांगतो, त्याच शब्दाचा मूळ अर्थ आठवण असा आहे. धम्माला विस्मरण अभिप्रेत नाही. शोकाचा काटा निघाला पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

आता थेरीगाथेकडे वळू. ७३ थेरींच्या या संग्रहात उब्बिरी नावाच्या थेरीच्या अवघ्या तीन गाथा आहेत. अट्ठकथेनुसार उब्बिरी श्रावस्तीची. कोसलराजाने तिला आपल्या अंतःपुरात आणले. तिला एक मुलगी झाली, तिचे नाव जीवा. मुलगी लहानपणीच गेली. उब्बिरी रोज स्मशानात जाऊ लागली. एके दिवशी अचिरवती नदीच्या काठी ती लेकीला हाका मारीत उभी असता तथागतांनी तिला प्रश्न केला. या एकाच स्मशानात जीवा नावाच्या ८४ हजार लेकींचे दहन झालेले आहे. त्यांपैकी तू कोणत्या जीवेसाठी रडतेस?

हा प्रश्न वरवर पाहता कठोर आहे. आजच्या शोकसभेत कोणी उठून असे विचारले तर त्याला खाली बसवतील. परंतु त्यात दुःखाची हेटाळणी नाही. तुझ्याआधी येथे असंख्य आया रडून गेल्या, तू एकटी नाहीस, असे त्यात सांगितलेले आहे. किसागोतमीला मोहरीसाठी घरोघर फिरावे लागले तेव्हा तिला जे उमगले, तेच उब्बिरीला एका प्रश्नात उमगले. पुढील दोन गाथांत उब्बिरी स्वतः बोलते. हृदयात खोल रुतलेला, दिसण्यास कठीण असा बाण निघाला, आणि आता आपण शांत झालो, असे ती सांगते.

येथवरचा अर्थ सर्व भाष्यकार सांगतात. आम्हांस आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. ज्या गाथा शोक सोडावयास सांगतात, त्याच गाथांनी त्या मुलीचे नाव राखून ठेवले आहे. मुलीचे नाव गाथेत आहे, आईच्या हाकेच्या रूपात आहे. ८४ हजार जीवांमध्ये जी हरवली असती, ती एक जीवा वेगळी राहिली, कारण तिच्या आईची हाक छंदात बांधली गेली. ‘जीवा’ या नावातच जगणे आहे. कोसलचे राज्य गेले, राजवाडा गेला, अचिरवतीचा तो काठ बदलला. दोन हजारांहून अधिक वर्षांनी कोकणातल्या एका विहारात बसून आपण त्या लेकीचे नाव उच्चारू शकतो. आणि तरीही ती गाथा जीवेला धरून ठेवत नाही. बाण काढणे आणि नाव राखणे या दोन्ही गोष्टी त्याच तीन गाथा एकदम करतात. तरुण उपासकांच्या वरील आक्षेपाला याहून चांगले उत्तर आम्हांपाशी नाही.

किसागोतमीच्या मुलाचे नाव मात्र गाथेत नाही. तो केवळ ‘मुलगा’ राहिला. ही तुलना थोडी क्रूर वाटेल, पण नाव असणे आणि नसणे यांत किती अंतर पडते ते तिच्यामुळे समजते.

नाव तर दगडावरही राहते, असे कोणी म्हणेल. मावळातील भाजे लेण्यात एका बाजूस १४ स्तूपांची ओळ आहे. तेथे राहून गेलेल्या स्थविरांचे ते स्मारक होय. त्यांवर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी काही नावे कोरलेली आहेत. ज्या शिष्यांनी ती कोरविली त्यांचे प्रेम उघडच आहे. परंतु अंपिनिक स्थविर कसे बोलत, कोणाला शिकवीत, त्यांच्या जाण्याने कोणाची परिषद रिकामी झाली, यांपैकी काहीही आपणास ठाऊक नाही. दगडाने अक्षर सांभाळले, माणूस सांभाळता आला नाही. आमच्याकडे तर दगडाचीही शाश्वती नाही. कोकणचा जांभा सच्छिद्र असतो. त्यावर बारीक अक्षर नीट कोरता येत नाही. संगमरवरी पाटी बसवावी, तर चार-सहा पावसाळ्यांत तिच्यावर शेवाळ चढते आणि गाव सोडून मुंबईस गेलेली मुले ती पुसावयास येईपर्यंत अक्षरे दिसेनाशी होतात.

गाथा टिकते ती वेगळ्या कारणाने. पाली गाथांपैकी बहुसंख्य गाथांचा सांगाडा आठ-आठ अक्षरांच्या चार चरणांचा आहे. एक शब्द गळला तर ओळ लंगडते आणि म्हणणाऱ्याला तत्काळ कळते. गद्य सांगताना शब्द बदलले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. छंदात ती चोरी उघडी पडते. बुद्धवचन सिंहलद्वीपात वट्टगामणी राजाच्या काळी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, लिपिबद्ध झाले असे परंपरा मानते. तोवरची सर्व शतके ते मुखोद्गत होते. म्हणजे जीवेचे नाव कागदावाचून, केवळ म्हणणाऱ्यांच्या जिभेवर इतका काळ राहिले. शिवाय गाथा एकट्याने म्हणावयाची नसते. दहा जणांनी मिळून म्हटली की एक अडला तरी दुसरा पुढची ओळ उचलतो. श्राद्धात एकटा थोरला मुलगा अधिकारी असतो. गाथेचा अधिकार ज्याला ती पाठ आहे त्या प्रत्येकाला असतो, मुलीलाही आणि सुनेलाही. हा फरक आमच्या मते लहान नाही.

शोक करणाऱ्याची स्वतःची अवस्थाही गाथेला वर्ज्य नाही. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांच्या देहावसानानंतर लगेच चार गाथा येतात. त्या ब्रह्मा सहंपती, शक्र, अनुरुद्ध आणि आनंद यांच्या मुखी घातलेल्या आहेत. पहिली दोन नावे काव्यसंकेत म्हणून घ्यावीत. त्यांच्या गाथांत अनित्यतेचा सर्वसामान्य नियम आहे, आणि शक्राची गाथा आजही थेरवादी देशांत अंत्यविधीच्या वेळी म्हटली जाते. अनुरुद्धांच्या गाथेत अविचल चित्ताने घेतलेल्या अखेरच्या निरोपाचे वर्णन आहे. चौथी गाथा मात्र आनंदांची आहे आणि तिच्यात त्या क्षणाचे भय आहे, अंगावर उभा राहिलेला काटा आहे. संगीतिकारांनी हा माणसाचा घाबरलेला आवाज गाळला नाही. नियमाच्या शेजारी त्यालाही जागा दिली. थेरगाथेत आनंदांच्या पुढील काळच्या गाथा आहेत. जुने सोबती निघून गेले, नव्यांशी मन जुळत नाही, आता आपण एकटेच ध्यान करतो, असे ते सांगतात आणि पावसात घरट्यात बसलेल्या पाखराची उपमा देतात. २५ वर्षे सावलीसारखी सेवा केल्याचेही ते सांगतात. ज्यांना आनंद केवळ पाठांतर करणारे शिष्य वाटतात, त्यांनी या गाथा अवश्य वाचाव्यात.

महाराष्ट्रात या वारशाची कडी मध्ययुगात कोठे लागते, याचा शोध घेताना चोखामेळ्यापाशी थांबावे लागते. परंपरेनुसार १३३८ साली मंगळवेढे येथे गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखामेळा व त्याचे सोबती मजूर गाडले गेले. वेठीला जुंपलेल्या माणसाचे हे मरण होते, ही गोष्ट कीर्तनांतून सहसा ठासून सांगितली जात नाही. नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरपुरास आणल्या, असे परंपरा सांगते. त्या अस्थी ओळखण्याविषयीची चमत्कारकथा आम्ही बाजूस ठेवतो. समाधी बांधली गेली ती मंदिराच्या महाद्वारासमोर, बाहेर. त्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले. चोख्याचे शरीर उंबऱ्याबाहेर राहिले. त्याचे, सोयराबाईचे, निर्मळेचे, बंक्याचे आणि कर्ममेळ्याचे अभंग मात्र त्या उंबऱ्याला न जुमानता घरोघर गेले. कर्ममेळ्याच्या अभंगांत तर आपल्या वाट्याला आलेल्या जिण्याचा स्पष्ट जाब आहे. चोख्याची भक्ती आपणास आज मार्ग म्हणून स्वीकारता येत नाही. तथापि बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, हे विसरता कामा नये. मार्ग नाकारूनही माणसाची आठवण आदराने ठेवता येते, याचा तो वस्तुपाठ आहे.

अर्पणपत्रिकेचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या एका अर्पणपत्रिकेचा उल्लेख केला पाहिजे, आणि तो आमच्या जिल्ह्याच्या लेकीचा आहे. माता रमाई दापोली तालुक्यातील वणंदच्या. २७ मे १९३५ रोजी मुंबईत राजगृही त्यांचे निधन झाले. १९४० च्या अखेरीस पाकिस्तानच्या प्रश्नावरील बाबासाहेबांचा ग्रंथ बाहेर पडला, तो त्यांनी ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केला. घरात ज्या नावाने हाक मारीत तेच नाव राजकारणावरील एका प्रकांड ग्रंथाच्या पहिल्या पानावर आले. तिच्या मनाचा चांगुलपणा व चारित्र्य यांबरोबरच, मित्र नसलेल्या, टंचाईच्या दिवसांत तिने आपल्यासोबत शांतपणे सोसले, याची नोंद त्यांनी तेथे केली. ही कविता नव्हे. परंतु कवितेने जे करावयाचे असते ते त्या चार ओळींत झालेले आहे. घरातली हाक आहे आणि ती कोणत्या काळात कशी वागली ते आहे. देवत्व बहाल केलेले नाही. पुढे रमाईवर असंख्य गीते झाली. त्यांपैकी ज्यांत शेणी थापणारी, उपाशी राहून संसार ओढणारी बाई दिसते ती लोकांच्या ओठांवर राहिली, आणि ज्यांत केवळ ‘त्यागमूर्ती’ दिसते ती जयंतीच्या मंडपापुरती राहिली, असे आमचे निरीक्षण आहे.

आता ज्या कवितेसाठी हा लेख लिहावा असे आम्हांस वाटले, तिच्याकडे येतो. वामन निंबाळकर (१९४३–२०१०) हे दलित कवितेच्या पहिल्या बहरातील कवी. ‘गावकुसाबाहेरील कविता’ हा त्यांचा संग्रह १९७३ चा. त्यांची ‘आई’ ही कविता अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ या १९९२ सालच्या इंग्रजी संकलनातून परभाषिक वाचकांपर्यंतही गेली. कवितेतील आई लाकडांची मोळी विकून मुलांना जगवते. सांज होते, इतर घरांत दिवे लागतात, आणि झोपडीच्या दाराशी अंधारात मुले तिची वाट पाहत बसलेली असतात. एके दिवशी तिला साप चावतो आणि ती जाते. एवढीच हकीकत. निंबाळकरांनी आईला एकही मोठे विशेषण दिलेले नाही. डोक्यावरची मोळी आणि दारातला अंधार एवढ्याने ती उभी राहते.

पण कविता तेथे संपत नाही, आणि तिचे मोठेपण त्यातच आहे. मुलगा मोठा होतो. आजही त्याचे डोळे आईला शोधतात. मोळी विकणारी एखादी किडकिडीत बाई दिसली की तो तिची लाकडे विकत घेतो. सर्वसाधारण स्मृतिकाव्य मागे पाहून रडते. या कवितेतील आठवण मात्र रस्त्यावरच्या अनोळखी बाईकडे वळते. आईवरचे प्रेम आईबरोबर जळून गेले नाही आणि त्याने मुलाला अंधारात डांबूनही ठेवले नाही. त्याची करुणा झाली. उब्बिरीला ८४ हजार आया दाखवून तथागतांनी जे केले, तेच येथे एका मोळीने होते. आपल्या एका जीवेतून सगळ्या जीवा दिसू लागतात. निंबाळकरांच्या मनात उब्बिरी होती असा आमचा दावा नाही. बुद्धाच्या वाटेने निघालेल्या समाजाच्या कवितेत ही दृष्टी सहज उमटली, एवढेच म्हणावयाचे आहे.

मराठीत याहून वेगळ्या जातीची स्मृतिकविता आहे, तिचाही ओझरता उल्लेख करू. बेळगावच्या इंदिरा संत यांचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले. त्यानंतरच्या ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ या संग्रहांतून त्या जाण्याची सावली पसरलेली आहे. तेथे शोक खाजगी राहतो, आणि त्या खाजगीपणातच त्याची प्रतिष्ठा आहे. आमच्या समाजाच्या कवितेत मरणही बहुधा सार्वजनिक असते, कारण ते पुष्कळदा दारिद्र्याने, वेठीने, नाकारलेल्या औषधपाण्याने आलेले असते. दोन्हींची तुलना करून उजवे-डावे ठरविण्यात स्वारस्य नाही.

६ डिसेंबर १९५६ नंतर एका संपूर्ण समाजाला घरातला कर्ता पुरुष गेल्याचा शोक झाला. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यविधीप्रसंगीच हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. शोकाचे काय करावे याचे त्या दिवशीचे ते उत्तर होते. त्यानंतर ते काम गायकांनी उचलले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) तरुण वयात मुंबईत अक्षरे शिकले आणि आयुष्यभर गावोगाव गात राहिले. ज्यांनी बाबासाहेबांना पाहिले नाही, त्यांचे एकही पुस्तक ज्यांना वाचता आले नाही, अशा लक्षावधी माणसांच्या घरात बाबासाहेब ‘बाप’ म्हणून राहिले, त्याचे श्रेय ग्रंथांइतकेच या गीतांना आहे. आमच्या कोकणातील गायन पार्ट्यांनी आणि मुंबईच्या चाळींतील कार्यक्रमांनी ती गीते खेड्यांत आणून पोचविली.

या गायकांच्याही आधीपासून जात्यावर बसलेल्या बाया हे काम करीत होत्या. पुण्याचे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी अनेक वर्षे खपून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ‘पारी’ या संस्थेमार्फत आता त्यांतील पुष्कळ ओव्या सर्वांना वाचावयास व ऐकावयास मिळतात. त्यांत बाबासाहेब आणि रमाई यांच्यावरील ओव्या आहेत, आणि आपल्या आईवरील, भावावरील, अकाली गेलेल्या माणसांवरीलही आहेत. ओवीला पिंगळकाराने घातलेले कडक नियम नाहीत. जात्याच्या फेऱ्याशी जुळले की पुरे. त्यामुळे त्यात कोणाचेही नाव बसते, आणि बाई दळावयास बसेल तितक्या वेळा ते नाव घेतले जाते. श्राद्धाच्या एका दिवसापेक्षा हे किती मोठे आहे, याचा हिशोब वाचकांनीच करावा.

पिठाची गिरणी आली आणि जाते परसात गेले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पहाटे उठून दळण्याच्या कष्टांतून आमच्या आया-बहिणी सुटल्या, हे चांगलेच झाले. परंतु जात्याबरोबर ओवी गेली आणि ओवीबरोबर माणसांची नावे गेली, ही हानी खरी आहे. संगमेश्वर तालुक्यातील कोणत्याही वाडीत जावे, चार बंद घरांमागे एखादे उघडे घर आढळते आणि त्यात एखादी सत्तरी-ऐंशीची आजी असते. तिच्या तोंडी जी लावणीची गाणी आणि ओव्या आहेत, त्यांत तिच्या सासूचे, जावेचे, लहानपणी गेलेल्या मुलाचे नाव असण्याचा संभव आहे. ती गेल्यावर ते नाव सांगणारे दुसरे कोणी नाही.

म्हणून जलदानविधीच्या शोकसभेस आम्ही एक सूचना करू इच्छितो. भाषणांची संख्या कमी करावी आणि घरातील कोणीतरी, शक्यतो मुलीने वा सुनेने, गेलेल्या माणसावर चार ओळी कराव्यात व त्या सर्वांनी मिळून म्हणाव्यात. काव्यगुणांची चिंता करू नये. ‘प्रेमळ’ हा शब्द गाळून त्या माणसाच्या हातांनी केलेले काम घालावे. आये इरले घेऊन तरवा काढावयास जात असेल तर इरले आणि तरवा यावा. ती कवळ तोडावयास, फाटी आणावयास डोंगरात जात असेल तर तो डोंगर यावा, त्याच्या नावासह. बापूस मुंबईच्या गिरणीत असेल तर त्याची पाळी यावी. बोलताना वारंवार म्हणावयाचा एखादा शब्द असेल तर तो जरूर यावा. यमक नाही जुळले तरी चालेल, पण नाव आलेच पाहिजे, आणि तेही घरात ज्या नावाने हाक मारीत तेच. शक्य असेल तर शेवटची ओळ गेलेल्या माणसापाशी न थांबता जे त्याच कष्टांत आज आहेत त्यांच्यापर्यंत जावी.

अशा ओळींसाठी प्रत्येक विहारात एक जाड वही ठेवावी. पानाच्या माथ्यावर दिवंगताचे नाव, वाडी आणि साल, खाली ओळी, आणि त्या कोणी रचल्या त्याचे नाव, एवढे पुरे. स्मृतिदिनी वंदनेनंतर त्या पानाचे वाचन व्हावे. वाडीतील वयस्क स्त्रियांकडून जुन्या ओव्या लिहून घेण्याचे कामही त्याच वहीत करता येईल. चाल कागदावर उतरत नाही, तेव्हा मुंबईहून गणपती-शिमग्याच्या सुट्टीला गावी आलेल्या मुलांनी आपल्या मोबाइलवर आजीचा आवाज ध्वनिमुद्रित करून घ्यावा. उतरवून घेणाऱ्या शिकलेल्या मुलामुलींना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. आजीने ‘आये’ म्हटले असेल तर वहीत ‘आये’ असेच लिहावे. ते सुधारून ‘आई’ करू नये, आणि ‘मातोश्री’ तर मुळीच करू नये.